आवाज मागून येतोय, दादा

तीर्थरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (या वेळी हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. मध्यंतरी तुझ्या गाडीखाली मी खरोखरच सगळ्या अंगांनी जमिनीला टेकून आले. फरक एवढाच की पालथी नव्हे, उताणी. तो नमस्कार तुलाच पोचला असं समज, कारण त्या वेळी मनात तूच होतास. कोणत्या शब्दांत होतास ते विचारू नकोस.) तुझी तब्येत उत्तम असेलच. ज्याला आपलं काही चुकलं असं कधी वाटतच नाही, त्याचा रक्तदाब वाढणार तरी कशाने? वहिनीची कंबर आता कशी आहे? तिला माझा नमस्कार सांग, आणि ती उलट काही बोलायला लागली तर तिला वाक्य पुरं करू दे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी कर्ता म्हटला की तू क्रियापद लावून मोकळा होतोस. "दादा, गाडीच्या मागून..." एवढंच मला आजवर बोलता आलं आहे. पुढचं सगळं तूच बोललास. पत्र वाचताना मधेच "एक मिनिट, एक मिनिट" म्हणायची सोय नसते, आणि तेवढ्याचसाठी मी आज दवाखाना लवकर बंद करून लिहायला बसले आहे. तूही बैस. पाणी हवं असेल तर आत्ताच पिऊन घे.

तर तुझी गाडी. (माझी म्हणायची अजून सवय झालेली नाही, आणि काही बिघडलं की ती माझी होते, एरवी तुझीच असते, हेही माझ्या लक्षात आलेलं आहे.) तुझी बदली झाली तेव्हा तू स्वतःसाठी क्लच नसलेली, आपणहून गिअर बदलणारी नवी गाडी घेतलीस. तिचे फोटो आम्हांला तुझ्याकडून, वहिनीकडून आणि तुमच्या मुलीकडून असे वेगवेगळे पोचले, सगळे एकाच बाजूने काढलेले. आणि ही जुनी गाडी "बाबांना न्यायला-आणायला तुला बरी पडेल" म्हणून माझ्या दवाखान्याच्या आवारात लावून गेलास. किल्ली माझ्या हातात ठेवताना तुझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, बहिणीसाठी. मग तू टपावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "लोण्यासारखी चालते."

तुमच्याकडचं लोणी कसं असतं ते मला माहीत नाही. आमच्याकडे ते आवाज करत नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की मागच्या बाजूला, बाबा बसतात त्या सीटच्या पोटाखाली, कुणी हातोडीने एकच घाव घालावा तसा ठक्. दुसरा गिअर टाकला की ठक्. वेगात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ठक्, पुन्हा दाबला की ठक्. एका चालीने सरळ जात राहिलं तर काही नाही. म्हणजे काम सांगितलं तरी कुरकुर आणि काम काढून घेतलं तरी कुरकुर. माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचं अगदी हेच असल्यामुळे सुरुवातीला मी फारसं मनावर घेतलं नाही.

घेतलं ते बाबांनी. तुला ठाऊकच आहे, त्यांची सगळी नोकरी तारऑफिसात गेली, कट्ट-कडकट्ट ऐकण्यात. अर्धांगाच्या झटक्याने डावा हात नेला, पाय थोडा नेला, कान मात्र जागेवर ठेवले. आठवड्यातून दोनदा मी त्यांना हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे नेते, तेव्हा ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात. मला वाटायचं झोपतात. एक दिवस सिग्नलला म्हणाले, "काहीतरी सांगतेय ही." मी विचारलं, काय? तर म्हणाले, "अजून एकही शब्द नीट लागत नाही. पाठवणारा नवशिका आहे." (हे त्यांनी माझ्या गाडी चालवण्याबद्दल म्हटलं की काय, अशी मला शंका आली होती. तुमच्या सगळ्यांच्या कृपेने ती शंका मला पुढे बरेच दिवस पुरली.)

आता या कथेत तुझ्या मेहुण्यांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, प्रवेश होतो. हे शाळेत भूगोल शिकवतात. कोणती नदी कुठून कुठे जाते ते झोपेतही सांगतील, पण स्वतः कुठे जायचं तर मी नेते, कारण ह्यांना गाडी चालवता येत नाही. शिकायचंही नाही. मात्र गाडी दुरुस्त कशी करावी याचे व्हिडिओ हे इतके बघतात की जेवताना ताटाशेजारी कुणीतरी सतत नटबोल्ट सोडवत असतं. ह्यांनी पहिला निष्कर्ष काढला तो असा, की आवाज डिकीतून येतो. झालं. एका सुट्टीच्या दिवशी डिकी रिकामी झाली. तुझ्या त्या डिकीतून एक कापड नसलेली छत्री, एक बॅडमिंटनची रॅकेट, एका पायाची चप्पल, वाळूचं अर्धं पोतं आणि तुझ्या लग्नातला फेटा निघाला. स्टेपनी आणि जॅकसुद्धा बाहेर काढून ठेवले. मग आम्ही हलक्या मनाने आणि हलक्या डिकीने गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. ठक्. हे म्हणाले, "बघ, आता जास्त स्पष्ट ऐकू येतंय." ही प्रगतीच म्हणायची.

बाबांची सूचना त्यापेक्षा बरी होती. ते म्हणाले, "खड्ड्यात वाजते का ते बघ." शाळेसमोर गतिरोधक आहे. त्याच्यावरून मी क्लच पूर्ण दाबून, गाडी नुसती घरंगळू देत गेले. आम्ही तिघंही जागच्या जागी उडालो, ह्यांचा चष्मा पुढच्या काचेला लागला, पण ठक् काही झालं नाही. पुन्हा गेले. नाही. पलीकडे जाऊन क्लच सोडला, आणि ठक्! म्हणजे मी तेव्हाच ताडलं, की हे स्प्रिंगांचं आणि शॉकॲब्सॉर्बरचं दुखणं नाही. चाकं वर-खाली होतात तेव्हा ही गप्प असते, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचतो किंवा सुटतो त्या क्षणाला ओरडते. तेव्हा जे काही सैल झालं आहे, ते जोर पोचवणाऱ्या वाटेवर कुठेतरी आहे. हे मी तुला फोनवर सांगायला घेतलं होतं. आठवतं? नाहीच आठवणार. तू म्हणालास, "क्लच झटक्यात सोडतेस तू."

मग आम्ही उस्तादकडे गेलो. चौकापलीकडे ज्यांचं गॅरेज आहे त्यांना सगळे उस्तादच म्हणतात, आणि तेही स्वतःला उस्तादच म्हणतात ("उस्तादने एकदा हात लावला की..." असं स्वतःबद्दल). गृहस्थ मनाने वाईट नाहीत. फक्त बाईमाणसाशी बोलताना त्यांची नजर शेजारच्या पुरुषावर जाऊन बसते. मी म्हटलं, आवाज मागून येतो, क्लच सोडताना येतो, खड्ड्यात येत नाही. उस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ह्यांना विचारलं,

"साहेब, गाडी मॅडम चालवतात का?"

हे म्हणाले, "हो."

"मग बरोबर."

ह्यांनी मान डोलावली! दादा, ज्या माणसाला क्लच डावीकडे असतो की उजवीकडे हे सांगता येणार नाही, त्याने मान डोलावली. पुढे उस्तादांनी ह्यांना क्लच कसा सोडावा ते हाताच्या पंज्याने दाखवलं, हळूहळू, जसं बाळाला पाळण्यात ठेवावं. हे तो पंजा लक्षपूर्वक बघत होते. मी दोघांच्या मधे उभी होते, किल्ली माझ्या हातात होती, आणि मी त्या दोघांना दिसत नव्हते. शेवटी उस्तादांनी मागचे शॉकॲब्सॉर्बर आणि त्यांचे रबरी बुश बदलले, म्हणजे ज्यांचा काही दोष नव्हता त्यांची बदली केली. हे तुमच्या ऑफिसातही चालतं असं ऐकून आहे. गाडी घेऊन आम्ही गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडलो. ठक्. मागे वळून बघते तो उस्ताद फाटकात उभे राहून पंज्याने बाळ पाळण्यात ठेवत होते.

इथून पुढचा भाग मला विनोदी लिहिता येणार नाही असं वाटतं, पण प्रयत्न करते. तू, उस्ताद, हे, वरच्या मजल्यावरचे विमावाले, सगळे एकमुखाने एकच सांगायला लागलात तेव्हा मला खरंच वाटायला लागलं की आवाज गाडीत नाही, माझ्या पायात आहे. मी क्लच इतका हळू सोडायला लागले की सिग्नल हिरवा होऊन परत लाल व्हायचा आणि मी अजून बाळ पाळण्यात ठेवतच असायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. मी घाबरून गाडी बंद पाडायचे. वीस वर्षं गाडी चालवणारी बाई मी, आणि किल्ली हातात घेतली की तळहाताला घाम यायचा. एकदा पेशंट जास्त आहेत म्हणून, एकदा डोकं दुखतंय म्हणून, मी बाबांचा व्यायाम चुकवला. पुन्हा चुकवला. बाबा नुसतं म्हणाले, "राहू दे गं, हात कुठे पळून जातोय." त्या संध्याकाळी त्यांना सदऱ्याचं बटण लावता येईना. मागच्या महिन्यात येत होतं. मी लावून दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो दुसऱ्या दिवशी, एका पेशंटच्या तोंडात. एक बाई आल्या. दाढ दुखते म्हणाल्या. आधीच्या डॉक्टरांनी दाढ ठणठणीत आहे, तुम्ही चावताना जोर फार लावता, असं सांगून परत पाठवलं होतं. (ओळखीचं वाटतंय?) बाहेरून दाढ खरंच ठणठणीत होती. मी दोन बाजूंनी हत्यारांच्या दांड्या लावल्या आणि हलकेच इकडून तिकडे हलवली. डुलली! सैल दात नुसता बघून कळत नाही, दादा, धरून हलवावा लागतो. बाईंचं तोंड उघडं ठेवूनच मी म्हणाले, "सापडलं." त्यांना वाटलं दाढेबद्दल म्हणतेय. तेही खरंच होतं.

त्या दुपारी मी शेजारच्या टायरवाल्याकडून दोन लोखंडी उतार आणले, गाडीची मागची चाकं त्यांच्यावर चढवली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना विटा लावल्या, गिअर काढून ठेवला आणि दवाखान्यातला जुना एप्रन घालून खाली गेले. हे बॅटरी धरायला होते. आता तुला गाडीखाली काय असतं ते मी सांगणं म्हणजे धाडसच, पण सांगते. इंजिन पुढे, ढकलायची चाकं मागे. मधे एक लांब लोखंडी दांडा, तो शाफ्ट. त्याच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा बसवलेला असतो, आपल्या मनगटासारखा, म्हणजे चाकं वर-खाली झाली तरी दांडा फिरत राहावा. गॅरेजवाले त्याला क्रॉस म्हणतात. मी शाफ्ट दोन्ही हातांनी धरला आणि पिळला. मागच्या क्रॉसच्या अलीकडचा भाग हलला, पलीकडचा जागेवर. उलटा पिळला. पुन्हा तसंच, आणि बारीकसा टक् असा आवाज, आमच्या त्या ठक्-चं पिल्लू. सांध्याभोवती विटकरी रंगाची भुकटी जमली होती. लोखंड कोरडं घासलं गेलं की गंजून अशी भुकटी पडते, एवढं मलाही कळतं. माझ्या खुर्चीत तो सांधा बसला असता तर मी त्याच दिवशी काढून टाकला असता.

हे वरून म्हणाले, "म्हणजे भूस्तर सरकतात तसं. दोन थरांत जागा राहिली की आधी सरकायचं आणि मग आपटायचं." ह्यांच्या भूगोलाचा संसारात प्रथमच उपयोग झाला, म्हणून मी हे वाक्य इथे नोंदवते. तेवढ्या आनंदात बॅटरी माझ्या कपाळावर पडली, तेही नोंदवते.

उस्तादकडे जाऊन मी म्हटलं, मागचा क्रॉस सैल झालाय, बदला. उस्तादांनी ह्यांना विचारलं, "मॅडम काय करतात?" हे म्हणाले, दातांच्या डॉक्टर आहेत. उस्ताद इतके हसले की गॅरेजातल्या दुसऱ्या गाडीखालचा माणूसही हसला, त्याला विनोद ऐकूही आला नव्हता. मग समजूत घालावी तसे गाडीखाली गेले, ग्रीसचा पंप मारला, आणि सांध्याच्या बाहेर भळभळ ओघळणारं ग्रीस ह्यांना दाखवून म्हणाले, "बघा साहेब, काठोकाठ भरलं. आता चार वर्षं बघायला नको." मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला. "दादा, क्रॉस..." एवढं मी बोलले. तुझं हसणं मात्र बराच वेळ चाललं.

आणि मग तुझ्या सासूबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याच गावच्या डॉक्टरांकडून करून घ्यायचं ठरलं, यात मला आनंदच होता. तू फोनवर बजावलंस, "टॅक्सी करू नका, गाडी आहे ना." होती. मी, शेजारी हे, मागे बाबा ("मलाही ने, बऱ्याच दिवसांत बाहेर पडलो नाही," असं म्हणाले, मग नाही कसं म्हणू?) असे स्टेशनवर गेलो. बाबांच्या शेजारी सासूबाई बसल्या, सामान ह्यांच्या मांडीवर. स्टेशनपासून वर यायचा तो चढ आहे ना, जिथे तू नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं असतं म्हणून आम्हांला शिकवायचास, त्या चढावर मध्यात पुढची बस थांबली. मीही थांबले. बस निघाली. मी पहिला टाकला, अगदी बाळासारखा क्लच सोडला, आणि ठक् झालं नाही.

धडाम् झालं.

खालून लोखंड फरफटल्याचा आवाज आला. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे निघाली. शाफ्ट मागच्या टोकाला सुटून रस्त्यावर पडला होता, म्हणजे इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच उरला नव्हता. आता गिअर कुठलाही टाकला तरी गाडी धरून ठेवणार नव्हता. आरशात पाहिलं, तर मागे एक टेम्पो, आणि त्यावर उभ्या बांधलेल्या मोठमोठ्या काचा. त्या काचांत आमचीच गाडी मोठी मोठी होत चाललेली मला दिसली. मी ब्रेकवर उभी राहिले आणि हँडब्रेक मुळापासून ओढला. गाडी थांबली, पण कुरकुरत, ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की बोटभर मागे. मी ह्यांना ओरडून सांगितलं, चाकामागे काहीतरी टाका! हे मांडीवरच्या सामानासकट उतरले, इकडे तिकडे दगड शोधला, मिळाला नाही, आणि तू सासूबाईंबरोबर बाबांसाठी पाठवलेलं ते पाय दाबायचं वजनदार यंत्र खोक्यासकट चाकामागे कोंबलं. गाडी जागच्या जागी थांबली. त्या यंत्राने बाबांच्या पायांसाठी याहून अधिक काही केलं असतं असं मला वाटत नाही. तुझे मनापासून आभार.

माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मागून बाबांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुझा पाय चुकला नाही. मी ऐकत होतो." दादा, मी रडले. भर रस्त्यात, हॉर्नांच्या साथीवर. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून दिला आणि काच खाली करून मागच्या टेम्पोवाल्याला असा काही दम भरला की तो स्वतःच उतरून वाहतूक वळवायला लागला.

उस्तादांना बोलावलं. आले. खाली वाकून पाहिलं, उठले, हात पुसले आणि गंभीरपणे ह्यांना म्हणाले, "साहेब, क्रॉस गेला. मी म्हणतच होतो."

मी काही बोलणार तेवढ्यात हे बोलले. संसारात मला ह्यांचा इतका अभिमान फार वेळा वाटलेला नाही. म्हणाले, "मला काय सांगताय? मला गाडी चालवता येत नाही. मी नुसती मान हलवतो. म्हणत होत्या त्या ह्या. ह्यांच्याशी बोला." उस्तादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. प्रथमच. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला इतक्या दिवसांनी कळलं.

आणि त्यावर तुझ्या सासूबाई. मागच्या सीटवरून, शांतपणे: "आमच्या जावयाने जेवताना सांगितलं होतं हे. बहीण दात काढता काढता आता गाडीचा क्रॉस काढायला निघालीय म्हणून. आम्ही पोट धरून हसलो होतो." मग माझ्याकडे वळून, "मीही हसले हो. चुकलं माझं." बघ दादा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या बाईंना जे दिसलं ते तुम्हां बाकीच्यांना दिसलं नाही. (तुमच्या जेवणाच्या टेबलावर माझी करमणूक म्हणून चांगली चालते, हे ऐकून बरं वाटलं. मानधन पाठव.)

गॅरेजात उस्तादांनी एक गोष्ट मात्र सरळ मलाच सांगितली. शाफ्टचं पुढचं टोक सुटलं असतं तर दांडा रस्त्यात रुतून गाडी उचलली गेली असती. मागचं सुटलं म्हणून फरफटण्यावर निभावलं. हे सांगताना ते हसत नव्हते. मग मोडलेला क्रॉस त्यांनी माझ्या हातात दिला. एक टोक झिजून सुईसारखं झालेलं, आतून अगदी कोरडं, ग्रीसचा थेंब नाही. पण तुम्ही तर काठोकाठ भरलं होतं, असं मी विचारलं. उस्ताद खजील झाले, नखाने सांधा खरवडला, आणि मग आम्हांला दोघांनाही दिसलं. ज्या बारीक तोंडातून ग्रीस आत जातं ते जाड काळ्या रंगाने बंद झालेलं. पंप मारला की ग्रीस आत न जाता बाहेरून ओघळायचं. उस्ताद म्हणाले, "कारखान्यातला रंग नाही हा. ब्रशने दिलाय कुणीतरी. घरी. गाडीचं पोट गंजू नये म्हणून. प्रेमाने दिलाय, पण." "पण"च्या पुढचं त्यांनी गिळलं.

दादा, वाळूच्या पोत्यामागे डिकीत काळ्या रंगाचा अर्धा डबा निघाला होता, हे मी वर लिहायला विसरले. ब्रश त्यातच वाळून बसला होता. मी उस्तादांना तुझं नाव सांगितलेलं नाही. "आधीचे मालक" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "आधीचे मालक मॅडम होत्या का?" मी म्हटलं, नाही, साहेब होते. उस्तादांनी तो सांधा पुन्हा नखाने खरवडायला घेतला.

नवा क्रॉस बसला. आता गाडी खरंच लोण्यासारखी चालते. परवा बाबांना व्यायामाला नेलं. पहिला टाकला, दुसरा टाकला, पाय काढला, दाबला. काही नाही. मागून बाबा म्हणाले, "लाइन साफ आहे." बटणाचा प्रयत्न पुन्हा सुरू झालाय. वरचं जमतं, मधलं अजून नाही.

तुझ्या तब्येतीची काळजी घे. उन्हात फिरू नकोस, कुणाच्या गाडीला रंग देऊ नकोस. वहिनीला नमस्कार, मुलीला गोड पापा.

तुझी,
क्लच झटक्यात सोडणारी बहीण

ता. क. सासूबाईंचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा बाबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बरेच म्हातारे आहात की!" बाबा दिवसभर खूश होते. दोघं संध्याकाळी पत्ते खेळतात. सासूबाई फसवतात, बाबांना कळतं, ते बोलत नाहीत.

पुन्हा ता. क. खरं तर हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, आणि सासूबाई म्हणतात की तोवर त्या इथेच राहणार, आणि त्यानंतरचं त्यानंतर बघू. वहिनीला हे तू सांग. माझी हिंमत नाही. त्यांना मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जावई गुणाचा आहे हो. पण तिथे माझं बोलणं कधी संपत नाही. इथे दोनदा संपलं."

आणि एक. तू चार दिवस ये. बाबा तुझ्याबद्दल काही विचारत नाहीत, पण फोन वाजला की मान वळवतात. आलास की स्टेशनवर तुला घ्यायला मी गाडी आणीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. तो चढ तू चढव. सासूबाई आणि बाबा मागे बसणार आहेत, दोघांचंही ठरलंय. डोळे मिटून बसणार आहेत, बोलणार काही नाहीत. तू क्लच कसा सोडतोस ते फक्त ऐकणार आहेत.